पट्टी अडकली की आधी निदान, मग रंधा

आषाढ लागला की हिंगोली, वसमत, कळमनुरी इथल्या वाद्यदुरुस्ती करणाऱ्या कारागिरांकडे पेट्या येऊ लागतात. पुढे श्रावणातले सप्ताह, मग गणपती, मग दसरा. ज्या जिल्ह्यात संत नामदेवांचे नर्सी आहे, त्या जिल्ह्यात भजनी मंडळ नसलेले गाव शोधावेच लागेल. आणि मंडळ म्हटले की पेटी आलीच. उरुसातल्या कव्वालीची पेटी वेगळीच. तक्रार बहुधा एकच असते : "पट्टी अडकते, मिस्तरी." आपला उपायही बहुधा एकच असतो. पट्टी काढायची, बाजूने कानस किंवा पॉलिश पेपर मारायचा, परत बसवायची. पाच मिनिटांचे काम, मजुरी रोख, गिऱ्हाईक खूश.

या पाच मिनिटांच्या कामाबद्दल आज थोडे कडवट लिहायचे आहे. माझे मत असे की पावसाळ्यात अडकलेली पट्टी घासणे ही बहुतेक वेळा दुरुस्ती नसते, ते नुकसान असते. आणि हे नुकसान आपण गिऱ्हाइकाला दुरुस्ती म्हणून विकतो.

वाद्यांच्या बाबतीत उलेमांत मतभेद आहेत, हे मला ठाऊक आहे. ज्याने-त्याने आपल्या आलिमांना विचारून हा धंदा करावा किंवा करू नये. ते ठरवण्याची माझी पात्रता नाही. पण जो हा धंदा करतोच आहे, त्याच्या व्यवहाराच्या सचोटीबद्दल तर मतभेद असू शकत नाहीत.

माझीच गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी नर्सीकडच्या एका गावची पेटी ऐन श्रावणात माझ्याकडे आली. पाच पट्ट्या बसल्यावर उठत नव्हत्या. दुसऱ्या दिवशी सप्ताह सुरू होणार होता. मी पाचही पट्ट्या दोन्ही अंगांनी घासल्या. पेटी मोकळी वाजू लागली. चैत्रात तेच बुवा पेटी डोक्यावर घेऊन परत आले. म्हणाले, "मिस्तरी, आता पट्ट्या खडखड करायल्यात." खरेच करत होत्या. पट्टीला बोट लावले की ती डावी-उजवीकडे डुलत होती, शेजारच्या पट्टीवर आपटत होती. उन्हाळ्याने लाकूड आकसले होते आणि मी श्रावणात काढलेला भुसा काही परत चिकटणार नव्हता. त्या पाच पट्ट्या मला पदरच्या पैशाने नव्या कराव्या लागल्या. बुवा एक शब्द बोलले नाहीत, ते मला जास्त लागले.

लाकडाचा स्वभाव सुताराला कोणी शिकवायला नको. दमट हवेत लाकूड फुगते ते रेषेच्या आडव्या अंगाने, लांबीत जवळजवळ फुगतच नाही. पेटीच्या पट्टीची रेषा लांबीत असते, म्हणून पट्टी रुंदीला वाढते. आणि दोन पट्ट्यांमधली फट तर जेमतेम एखाद्या मिलिमीटरची. मराठवाड्यातला मे महिना किती कोरडा आणि ऑगस्ट किती ओला, हे आपल्या अंगालाच कळते. दाराची फळी पावसाळ्यात चौकटीला घासते तेव्हा शहाणा सुतार म्हणतो, थांबा, दिवाळीनंतर बघू. तोच सुतार पेटीसमोर बसला की हे शहाणपण का विसरतो?

कारण उघड आहे. थांबायची मजुरी कोणी देत नाही. घासण्याची देतात. जमिनीवर भुसा पडलेला दिसला की गिऱ्हाइकाला काम झाले असे वाटते. नुसते बघून "हवा ओली आहे, काही करू नका" असे सांगणाऱ्याला कोण पैसे देणार? म्हणून आपण निदान फुकट देतो आणि ते फुकट दिल्यामुळे नीट करतही नाही.

निदान म्हणजे काय ते पेटीपुरते सांगतो. "पट्टी अडकते" या एका वाक्यात निदान चार वेगळ्या तक्रारी असतात. पट्टी दाबली जाते पण वर येत नाही, ही एक. पट्टी पूर्ण खालीच जात नाही, ही दुसरी. पट्टी वर येते पण सूर वाजतच राहतो, ही तिसरी. एक पट्टी दाबली की दुसरीही खाली जाते, ही चौथी. गिऱ्हाईक चारांना एकच नाव देते. कारागिराने देऊ नये.

चौथी तक्रार घेऊन आलेल्यांपैकी काहींच्या पेटीला काहीच झालेले नसते. कपलरची खुंटी ओढलेली राहते आणि वरच्या-खालच्या सप्तकातली पट्टी बरोबर बसते. खुंटी आत ढकलली की काम संपले. अशा वेळी पेटी दोन दिवस ठेवून घेऊन पैसे लावणाऱ्याबद्दल मी काही लिहीत नाही. तो वाचत असेल तर त्याला कळले असेल.

सूर वाजत राहत असेल तर पट्टीच्या बाजूंना हात लावण्यात अर्थच नाही. पट्टीच्या मागच्या टोकाखाली चामड्याची गादी असते, ती हवेचे भोक झाकते. त्या चामड्याखाली बुक्क्याचा कण, अगरबत्तीची काडी, वाळलेल्या हाराची पाकळी अडकली की भोक पूर्ण झाकले जात नाही. कधी चामडेच जुने होऊन कडक झालेले असते. पट्टी उचलायची, ब्रशने साफ करायची, चामडे बोटाने दाबून पाहायचे. त्याआधी एकही पट्टी न दाबता भाता भरावा. तो लगेच बसला तर हवा कुठून तरी निसटते आहे, आणि ती जागा आधी शोधली पाहिजे.

पट्टी वर येत नसेल तेव्हा खरी परीक्षा असते. दोन पट्ट्यांमध्ये जुने पोस्टकार्ड सरकवून पाहावे. अलगद गेले तर बाजू घासतच नाही; मग दोष मागच्या तारेच्या स्प्रिंगचा, पट्टी ज्या खिळ्यावर हलते त्या भोकाचा किंवा वरच्या चौकटीचा. जीपच्या टपावरून पेटी आणली की चौकटीचे स्क्रू हलतात, कोणीतरी ते करकचून आवळतो, आणि पुढची लाकडी पट्टी सगळ्या पट्ट्यांच्या नाकावर दाबून बसते. तो स्क्रू अर्धा आटा सैल केला की एकदम आठ-दहा पट्ट्या मोकळ्या होतात. पोस्टकार्ड अडले, तर पट्टीच्या बाजूला शिसपेन्सिल घासून परत बसवावी आणि पंधरा-वीस वेळा दाबावी. जिथे घर्षण होते तिथले शिसे चमकते. आता कळले की नेमकी कोणती कड लागते आहे. तेवढीच कड, तीही फुगवटा की घाण ते पाहून. बऱ्याचदा तो वर्षानुवर्षांचा घाम, धूळ आणि खोबरेल यांचा थर असतो; कोरड्या फडक्याने निघतो.

होय, खोबरेल. पट्टी अडकली की घरातल्या घरात तेल सोडण्याची सवय आपल्याकडे फार आहे. हल्ली गंज सोडवणारे फवारेही मारतात. तेल लाकडात मुरते, धूळ धरते, चामड्याचा सरस सोडवते. काही कारागीर तर घर्षण तसेच ठेवून स्प्रिंगच वाकवून ताठ करतात. पट्टी वर येते, पण दाबायला जड होते, आणि रात्रभर भजनाला साथ करणाऱ्याची बोटे पहाटेपर्यंत दुखून येतात. त्याला वाटते वय झाले.

ही निदानाची शिस्त मी हिंगोलीत शिकलो नाही. पुण्याला कॅम्पातल्या एका ओळखीच्या घरी जुना उभा पियानो होता, त्याच्याही पट्ट्या अडकत होत्या. पेटी येते तर पियानोही येईल, या हिमतीवर मी पेचकस घेऊन गेलो. नशिबाने त्याच दिवशी तिथे एक म्हातारे पियानो लावणारे आले होते. त्यांनी माझ्या हातातला पॉलिश पेपर काढून घेतला आणि म्हणाले, आधी सांग, पट्टी अडकली आहे की तिच्या मागचे यंत्र?

आपल्या जिल्ह्यात पियानो जवळपास नाहीत. एकेकाळी हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, ती 1903 मध्ये मोडली. त्या काळच्या बंगल्यांत काय वाजत होते देव जाणे. पण मुंबई-पुण्याच्या शाळांत, चर्चमध्ये, जुन्या घरांत असे उभे पियानो आहेत आणि ते दुरुस्त करणारे हात दिवसेंदिवस कमी होत आहेत. आपली मुले कामासाठी त्याच शहरांत जातात. म्हणून त्या म्हाताऱ्यांनी दाखवलेले थोडे सविस्तर देतो.

पेटीत पट्टी स्वतःच हवेचे भोक उघडते. पियानोत पट्टी म्हणजे नुसती झुलती फळी. पुढचे टोक दाबले की मागचे टोक वर जाते आणि एका लाकडी तरफेला उचलते. त्या तरफेवर जॅक नावाचा छोटा दांडा असतो, तो हॅमरला ढकलतो, आणि फेल्टचा हॅमर तारेवर आपटतो. या सगळ्या जुळणीला ॲक्शन म्हणतात. आडव्या, मोठ्या पियानोत हॅमर खालून वर जातो आणि स्वतःच्या वजनाने खाली पडतो. उभ्या पियानोत तारा उभ्या असतात, हॅमर समोर झेप घेतो. मागे यायला त्याला वजनाची पुरेशी मदत नसते. एक बारीक स्प्रिंग आणि एक कापडी फीत त्याला मागे आणायला मदत करतात. जुन्या पियानोत नेमकी हीच स्प्रिंग थकलेली आणि हीच फीत कुजलेली असते. पट्टी निर्दोष, आणि वाजवणारा म्हणतो पट्टी अडकली.

परीक्षा सोपी आहे. वरचे झाकण आणि पुढची फळी काढायची. अडकणारी पट्टी दाबायची आणि आत पाहायचे. पट्टी खालीच राहिली आणि हॅमर मागे आला, तर दोष पट्टीत. हॅमर तारेजवळच रेंगाळला, तर दोष ॲक्शनमध्ये. दोन्ही जागेवर आले पण दुसऱ्यांदा दाबल्यावर स्वर उमटला नाही, तर जॅक आपल्या खाचेत परतला नाही. स्वर वाजला आणि थांबेचना, तर तो डॅम्परचा प्रश्न, अडकण्याचा नव्हेच. नंतर म्हाताऱ्यांनी एक लाकडी फूटपट्टी घेतली, दहा-बारा हॅमर एकदम पुढे ढकलले आणि सोडले. सगळे झटकन मागे आले, तीन मात्र झोपेतून उठल्यासारखे. त्या तिघांच्या सांध्यातली बारीक पिन फेल्टच्या बुशात आवळली होती. ओल्या हवेने फेल्ट फुगते.

तिथे तेलाचा थेंब टाकला तर फेल्ट चिकट होऊन पुढच्या वर्षी सगळा सांधा जाम. जाणकार स्पिरिटमध्ये थोडे पाणी घालून सांध्याला एक थेंब देतात आणि सुकू देतात. सुकताना फेल्ट आवळते आणि पिनेला जागा मिळते. नाहीतर पिन काढून बुश साफ करून योग्य मापाची पिन घालावी लागते. ते बारीक काम आहे, शिकल्याशिवाय करू नये.

दोष पट्टीत असला तर पियानोतही आधी सोप्या गोष्टी : दोन पट्ट्यांमध्ये पडलेले नाणे, पेन्सिलीचे टोक, पुढची फळी पट्ट्यांना लागणे, खाली उंदराने केलेले घर. उंदराच्या मुताने पिना गंजतात आणि बनातीला कसर लागते, हेही पाहायचे. पट्टीच्या पुढच्या टोकाखालची पिन लंबगोल असते. सैल पट्टी घट्ट करण्यासाठी आधीच्या कारागिराने ती फिरवून ठेवलेली असते. उन्हाळ्यात ठीक, पावसाळ्यात पट्टी पकडली जाते. दोष आजचा नाही, मागच्या माणसाच्या घाईचा. त्या घरच्या पियानोत अशा चार पिना निघाल्या. लाकूड कुठेही घासावे लागले नाही.

मुंबईत पियानोच्या खालच्या पोकळीत कमी वॅटचा दिवा जळता ठेवून ओल हटवण्याची जुनी रीत आहे. आपल्या पेटीलाही तो उपाय चालतो. बंद कपाटात, पेटीपासून हातभर लांब, लाकूड-कापडाला न चिकटेल असा दिवा आणि घरात माणूस जागे असतानाच. मात्र हल्लीचे एलईडी दिवे यासाठी कुचकामाचे, ते तापतच नाहीत. उन्हात किंवा चुलीजवळ पेटी ठेवणे वाईट. पट्टी सुटेल पण भात्याचे चामडे तडकेल.

आता व्यवहाराचे. हदीसमध्ये एक प्रसंग आहे, आपल्यापैकी बहुतेकांनी तो खुत्ब्यात ऐकलेला असतो. प्रेषित (स.) बाजारातून जाताना धान्याच्या एका राशीत हात घालतात, आत ओल लागते. व्यापारी म्हणतो, पावसाने भिजले. त्यावर प्रेषित (स.) त्याला विचारतात की मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, आणि फसवणूक करणाऱ्याला आपल्यातला मानत नाहीत. पावसाने धान्य भिजणे हा त्या व्यापाऱ्याचा गुन्हा नव्हता. ओल झाकणे हा गुन्हा होता. पेटीत शिरलेली ओलही आपण केलेली नाही. पण ती ओळखूनही गिऱ्हाइकाला न सांगता लाकूड घासून पैसे घेतले, तर ते काय झाले, हे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे.

माझी सूचना अशी. तपासणीची मजुरी वेगळी आणि उघड घ्यावी. दुकानात पाटी लावावी. तपासणीनंतर एका चिठ्ठीवर लिहून द्यावे : कोणती पट्टी, कोणता दोष, आता काय केले, नंतर काय करावे लागेल. बदललेली स्प्रिंग, काढलेले चामडे गिऱ्हाइकाच्या हातात परत द्यावे. आणि मृग ते हस्त या काळात पट्टीचे लाकूड कापू नये, अगदी नाइलाज असल्याखेरीज.

यावर मला मिळालेले उत्तर ठरलेले आहे. "तुम्ही तपासणीचे पैसे मागा, गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल." जाईल, काही दिवस जाईल. मलाही पहिल्या हंगामात फटका बसला, खोटे कशाला बोलू. पण डॉक्टर नाडी पाहण्याचे पैसे घेतो, मोटारसायकलचा मेकॅनिक हल्ली इंजिन उघडण्याचे वेगळे लावतो. आपणच काय घोडे मारले? दुसरा आक्षेप जास्त खरा आहे : उद्या सप्ताह बसणार असताना बुवांना कार्तिकात या म्हणून सांगायचे का? नाही. अशा वेळी घासावे लागलेच तर घासावे, पण लागणारी कडच आणि तीही केसभर. आणि उन्हाळ्यात ती पट्टी सैल वाटू शकेल हे आधी सांगून. माझी चूक घासण्यात जेवढी होती त्याहून जास्त न सांगण्यात होती.

या कामाला नाव आणि दर्जा नाही, हेही मान्य. सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत 18 व्यवसाय घेतले, त्यांत सुतार आहे, लोहार आहे, खेळणी करणारा आहे, कुलूप करणारा आहे. वाद्य करणारा किंवा दुरुस्त करणारा असा वेगळा उल्लेख नाही. अवजारांसाठीचे 15,000 रुपये आणि 5 टक्के व्याजाचे कर्ज हवे असेल तर ज्याचा मूळ धंदा सुतारकीचा आहे त्याने सुतार म्हणून नोंद करावी. त्यात कमीपणा नाही. पण वाद्य कारागिरांची वेगळी नोंद व्हावी ही मागणी आपल्या संघटनांनी लावून धरायला हवी. मिरजेचे उदाहरण समोर आहे. तिथले शिकलगार मूळचे हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी तंतुवाद्ये दुरुस्त करता करता सतार-तंबोरे घडवायला सुरुवात केली, आणि 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. सुरुवात दुरुस्तीपासून झाली होती, हे विसरू नये.

आपल्या पेटीला तर मानापमान नवे नाहीत. पॅरिसच्या अलेक्झांडर डेबेनने 1842 मध्ये हार्मोनियमचे पेटंट घेतले, कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी ती हाताच्या भात्याची करून आपल्या बैठकीत आणली, आणि 1940 पासून 1971 पर्यंत आकाशवाणीने तिला दारही उघडले नाही. तेवढी वर्षे ती गावच्या भजनात आणि कव्वालीत टिकली, कारण गावोगाव ती दुरुस्त करणारा कोणीतरी होता. आता मंडळाचे तरुण इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आणतात. त्यांना विचारले तर सांगतात, पेटी दर वर्षी बिघडते. दर वर्षी ती कोण बिघडवते, हे आपण त्यांना सांगत नाही.

नर्सीकडचे बुवा या वर्षीही आषाढात आले. तीन पट्ट्या जड होत्या, त्यांत माझ्या नव्या पाचांपैकी एकही नव्हती. पोस्टकार्ड घातले, पेन्सिल लावली. दोन पट्ट्यांचा मळ निघाला, तिसरी फुगलेली होती, तिला तसेच ठेवले आणि कपाटात दिव्याजवळ दोन रात्री जागून पेटी सुकवली. चिठ्ठीवर लिहिले, कार्तिकात दाखवा. बुवांनी चिठ्ठी वाचली, घडी करून टोपीत ठेवली आणि तपासणीचे पैसे विचारून घेऊन दिले.